वर केलेला अंगठा

१

त्याला सगळे डबीकाका म्हणत. गिटार वाजवणारी मंडळी आवाज बदलायला पायाशी जी लोखंडी पेडलं ठेवतात, त्यांना तो डब्या म्हणायचा, त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. गळ्यात गिटार अडकवून कोणी दारात उभं राहिलं, की तो चष्मा कपाळावर चढवायचा आणि विचारायचा, "बोलत नाही, की फार बोलते?" डबीला होणारे आजार त्याच्या मते हे दोनच.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची खोली. वरून कोणी उतरलं की छत पायरीपायरीने वाजायचं. भिंतीला लागून टेबल, कोपऱ्यात गिटारचा आवाज मोठा करणारा गुडघ्याएवढा अँप, खुंटीवर एक गिटार आणि डोक्यावर सतत गुणगुणणारी ट्यूबलाइट. भिंतीपलीकडे पत्र्याचं काम करणारा एकजण दिवसभर काही ना काही ठोकत असायचा. या सगळ्या आवाजांची डबीकाकाला इतकी सवय झाली होती, की एखादा थांबला तरच त्याचं लक्ष जायचं.

गिऱ्हाइकांना तो फुकटची शिकवणीही द्यायचा. नव्या पोरापोरींना वाटे, ओव्हरड्राइव्हची डबी आवाजात काहीतरी नवीन घालते. तो सांगायचा, घालत काही नाही. तारेचा आवाज ती इतका फुगवते की त्याला मावायला जागा उरत नाही. मग त्याचा माथा छताला घासतो, आणि त्या घासण्यालाच तुम्ही गोडवा म्हणता. तीन बटणं असतात. ड्राइव्हचं बटण घड्याळातल्या नऊच्या काट्यावर ठेवा, बाकीचं काम हाताला करू द्या. हलकं वाजवाल तर स्वच्छ येईल, जोर द्याल तर खरखरेल. सगळे माना डोलवायचे आणि घरी जाऊन तिन्ही बटणं शेवटपर्यंत पिळायचे. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून तो पुढच्या डबीचे स्क्रू सोडवायला घ्यायचा.

"आणि ड्राइव्ह वाढवला की नुसती तार मोठी होत नाही," हे मात्र तो दारापर्यंत सोडायला येऊन सांगायचा. "खोलीत जे जे बारीक आहे, ते सगळं मोठं होतं."

दुरुस्त झालेली डबी तपासल्याशिवाय द्यायची नाही, हा त्याचा नेम होता. खुंटीवरची गिटार काढायची, डबी जोडायची आणि पाच सुरांची एक सुरावट वाजवायची. त्याला येत होती तेवढीच. ती लहानपणी त्याच्या दादाने शिकवलेली, आणि तिच्यातला चौथा सूर तो हटकून चुकायचा. बोट एक फ्रेट, म्हणजे गिटारच्या मानेवरचं एक घर, आधीच पडायचं. लहानपणी ते पडलं की पलीकडच्या खोलीतून दादा तोच सूर बरोबर वाजवून दाखवायचा, तोंडाने एक शब्द न बोलता. त्याला चाळीस वर्षं झाली, पण खोड काही गेली नाही. जुनी गिऱ्हाइकं आता ती चूक ओळखत होती. चौथा सूर चुकलेला ऐकू आला, की डबी तयार झाली असं समजून ती आत यायची.

२

गुरुवारी सकाळी वहिनी आल्या. दादाला जाऊन आठ महिने झाले होते. हातात बुटांचा एक खोका होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि पदराने कपाळ टिपलं.

"माळा आवरला, भावजी. यात तुमच्या कामाचं काही असेल तर ठेवा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

चिंगी तिथेच बसली होती. चिंगी म्हणजे डबीकाकाची एकुलती एक मुलगी, वीस वर्षांची, बोटांची टोकं तारांनी टणक झालेली. तिने विचारायच्या आत खोका उघडला. आत दोन तुटक्या केबली, एक वाळलेला पट्टा आणि तळाशी एक हिरवी डबी होती, कोपऱ्यांवरचा रंग उडालेली. तिने ती पालथी केली. खालच्या पत्र्यावर खिळ्याने कोरलं होतं, दादासाठी.

"बाबा, हे तुझं अक्षर. ही तू केलीस?"

केली म्हणण्यावाचून इलाज नव्हता. अक्षर कोणालाही ओळखू येईल असं गिचमिड होतं. चिंगीचे डोळे चमकले. शनिवारी दुपारी चार वाजता सभागृहात तिच्या बँडचा पहिला कार्यक्रम होता. चार मुली सहा महिने घाम गाळत होत्या, आणि तिच्या वाट्याला तिसऱ्या गाण्यात एकटीने वाजवायचा मोठा तुकडा होता. तिने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, की मोठ्या काकांची डबी शनिवारी तीच वाजवणार.

वहिनींनी पदराच्या टोकाने डबीवरची धूळ पुसली. "ह्यांनी ती कधी वाजवली नाही, पण कधी टाकूही दिली नाही," त्या म्हणाल्या. "मी एकदा भंगारात काढली होती, तर माझ्यावर ओरडले. एरवी कधी ओरडणारा माणूस नव्हता."

जुनी आहे, आतून सडली असेल, बघून सांगतो, असं काहीतरी डबीकाका पुटपुटला. दोघी गेल्यावर त्याने डबी टेबलाच्या कडेला सरकवली आणि दुसरंच काम हातात घेतलं. दहा मिनिटांत त्याने एकच वायर तीनदा जोडली आणि तीनदा तोडली. शेवटी त्याने हिरव्या डबीवर एक फडकं टाकलं. अंगात ताप असल्यासारखं त्याला कुठे बसवत नव्हतं.

३

तेवीस वर्षांपूर्वी त्याच सभागृहात दादाचा कार्यक्रम होता. गिटार बरी वाजवणारे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि दादा त्यांत उजवा. त्याला ओव्हरड्राइव्हची डबी हवी होती. विकतची कशाला, मी करून देतो, असं म्हणून धाकट्या भावाने छाती पुढे काढली. ती त्याची आयुष्यातली पहिली डबी. ती पुरी झाली कार्यक्रमाच्याच दिवशी दुपारी एक वाजता, आणि तपासायला वेळ उरला नाही.

पहिल्या डबीत नवखे कारागीर जी चूक करतात, तीच त्याने केली होती. डबीच्या उजव्या अंगाने आवाज आत जातो, डाव्या अंगाने बाहेर पडतो. पण आतली जोडणी करताना डबी पालथी घालावी लागते, आणि पालथी घातली की उजवं-डावं बदलतं. त्याच्या दोन्ही वायरी उलट्या बसल्या होत्या. ही चूक मोठी लबाड असते. डबी बंद असते तोवर आवाज सरळ आरपार जातो आणि काही कळत नाही. पायाने कळ दाबून ती चालू केली, की गिटार मुकी होते.

दादा स्टेजवर होता आणि धाकटा हॉलच्या दुसऱ्या टोकाला, सगळ्यांचे आवाज कमीजास्त करणाऱ्या मिक्सरवर. पहिली दोन गाणी झकास झाली. तिसऱ्यात दादाचा एकट्याचा तुकडा आला. त्याने डबीवर पाय दिला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. स्पीकरमधून ड्रम आले, बेस आला. गिटार आली नाही.

स्टेजवर उभं राहणाऱ्याला आपला आवाज लोकांपर्यंत पोचतोय की नाही ते कळत नाही. पाठीशी ड्रम बडवले जात असतात आणि स्पीकरची तोंडं लोकांकडे असतात. म्हणून वाजवणारा दूरच्या मिक्सरवाल्याकडे बघून भुवई उडवतो, आणि मिक्सरवाला अंगठा वर करतो. म्हणजे येतोय, चालू दे. या लाइनीत सगळा भरवसा त्या अंगठ्यावर असतो.

दादाने डोळे उघडले आणि भुवई उडवली. धाकट्याची बोबडी वळली होती. काय बिघडलं ते त्याला त्याच क्षणी कळलं होतं, आणि ते आपलं पाप आहे हेही. आणि त्याने अंगठा वर केला.

दादा मग जीव ओतून वाजवायला लागला. मान मागे टाकून, ओठ आवळून, गुडघ्यात वाकून. चार मिनिटं. आधी पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग हसू खुर्च्याखुर्च्यांतून मागे सरकत आलं. तुकडा संपवून दादाने मान वर केली, तेव्हा अर्धा हॉल पोट धरून हसत होता.

केबल तुटली होती, असं धाकट्याने सगळ्यांना सांगितलं. घरातही तीच गोष्ट चालली, चिंगीही ती ऐकतच मोठी झाली. दादाने काही विचारलं नाही. गिटार मात्र पुन्हा हातात घेतली नाही, आणि एका गोदामात कारकून म्हणून चिकटला. त्याची एक नवी सवय तेवढी सुरू झाली. धाकटा भाऊ समोर आला, की तो बोलण्याआधी अंगठा वर करायचा. रस्त्यापलीकडून, जिन्यात, चार पाहुण्यांत. चेहऱ्यावर राग नसायचा आणि हसूही नसायचं. ही चेष्टा होती की शिक्षा, हे डबीकाकाला तेवीस वर्षांत कळलं नाही. शेवटच्या दिवशी दवाखान्यात, नाकात नळी असताना, पांघरुणावरचा हात जरासा हलला आणि अंगठा वर झाला. वहिनींना वाटलं, भावाला धीर देताहेत.

आता दोनच वाटा उरल्या होत्या. चिंगीला सगळं खरं सांगून टाकायचं, नाहीतर डबी गुपचूप सरळ करून तिच्या हातात द्यायची. बापाकडे बघताना त्या मुलीच्या डोळ्यांत जे असायचं, ते त्याला गमवायचं नव्हतं. शुक्रवारी सकाळी त्याने दुसरी वाट धरली.

४

उघडण्याआधी एकदा जोडून बघावी, हा हाताचा नेम. बॅटरी घातली, गिटार जोडली, अँप लावला. आता काही ऐकू येणार नाही, हे माहीत असूनच त्याने कळ दाबली आणि सुरावट वाजवली.

आवाज आला. नुसता आला नाही, भरून आला. कडेला मऊ आणि मध्ये खरखरीत, जसा आवाज काढण्यासाठी त्याने पुढे शंभर डब्या केल्या असतील. पाचही सूर बरोबर पडले. पाचवा विरेपर्यंत तो खुळ्यासारखा हसत होता. चला, चाळीस वर्षांनी का होईना, चौथा सूर जमला म्हणायचा.

दुसऱ्यांदा वाजवताना त्याने बोटाकडे बघितलं. बोट नेहमीच्याच जागी होतं, एक फ्रेट आधी. अँपमधून सूर आला तो बरोबर आला.

त्याने कळ दाबून डबी बंद केली आणि पुन्हा वाजवलं. चौथा सूर चुकला. डबी चालू केली. बरोबर आला. मग मुद्दाम बोट दोन फ्रेट मागे ठेवलं. तरीही बरोबर. तार उतरली असेल, गिटारची मान वाकली असेल, कान म्हातारे झाले असतील, अशी कारणं त्याने भराभर पुढे केली आणि एकेक करून स्वतःच खोडली. कान म्हातारे झाले असते तर डबी बंद असतानाही तसंच ऐकू आलं असतं.

त्याने तळहात सहाही तारांवर दाबून धरला. आवाज थांबला. पण तो लगेच थांबला नव्हता. कोणाचं तरी लक्ष नसावं आणि मग यावं, इतकाच उशीर झाला होता.

गप्प बसवेना, म्हणून त्याने ड्राइव्हचं बटण हळूहळू शेवटपर्यंत फिरवलं. हात तारांवरच होता. आता ट्यूबलाइटची गुणगुण मोठी होऊन यायला हवी होती. ती आली नाही. भिंतीपलीकडे पत्रा ठोकणं चालू होतं, त्याचा दर ठोक्याला अँपमध्ये एक बारीक टिचका उमटायचा, तोही आला नाही. अँपमधून येत होती एका मोठ्या खोलीची शांतता. तिच्यात कुठेतरी एक खुर्ची करकरली. लांब कोणीतरी खोकलं. बरीच माणसं एका ठिकाणी गप्प बसली की जो एक दाब असतो, तो त्या स्पीकरच्या जाळीतून त्याच्या गुडघ्याला लागत होता. मग अगदी पुढच्या बाजूला कोणीतरी फिसकन हसलं.

त्याने डबीची केबल उपटली. पलीकडचा पत्रा ठण्ठण् वाजत होता. दुकानाचं दार सताड उघडं होतं आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, तो उठून त्या उन्हात जाऊन उभा राहिला.

५

स्क्रूंवर त्याने तेव्हा वहिनींच्या नखांना लावायच्या लाल रंगाचा एकेक थेंब सोडला होता, कोणी उघडली तर कळावं म्हणून. चारही थेंब शाबूत होते. तेवीस वर्षांत डबी कोणी उघडली नव्हती.

आत त्याच्याच हाताचं कच्चं काम होतं, सोल्डरचे ओबडधोबड गोळे आणि गरजेपेक्षा लांब वायरी. दोन्ही वायरी उलट्या होत्या, जशा त्याने तेव्हा जोडल्या होत्या तशाच. म्हणजे ही डबी चालू केल्यावर बोलणं शक्यच नव्हतं. त्याने मनाची समजूत काढली, की वायरी लांब आहेत, आवाज एकीवरून दुसरीवर चोरवाटेने उडी मारत असेल. असं होतं कधीकधी. बारीक आवाजाच्या बाबतीत होतं. पण एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाबतीत होत नाही, हेही त्याला ठाऊक होतं, म्हणून तो विचार त्याने पुढे नेला नाही.

त्याने वायरी सोडवल्या. उजव्या वायरीला लाल दोरा बांधला. डबी उताणी केली, पालथी केली, पुन्हा उताणी केली, दर वेळी मोठ्याने बोलला, "ही आत, ही बाहेर." मग नवा सोल्डर लावला आणि झाकण बसवलं.

सुरावट वाजवली. चौथा सूर चुकला. स्वतःच्या चुकीचा त्याला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. त्याने ती दहा वेळा वाजवली आणि दहाही वेळा मनसोक्त चुकला. ड्राइव्ह पूर्ण फिरवला, तर ट्यूबलाइट गुणगुणली आणि पत्र्याचे टिचके उमटले. सकाळचा सगळा भीतीचा खेळ होता, असं त्याने ठरवून टाकलं. अपराधी माणसाला पानही हललं तरी पोलीस दिसतो.

दुपारी चिंगी आली आणि अर्धा तास वाजवत बसली. आवाज तिचाच होता, तिच्या घाईसकट. तिने ड्राइव्हचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं बघून तो ओरडला, तिने जीभ चावली आणि बटण नऊवर आणलं.

"बाबा, हिच्यात काहीतरी आहे रे. काकांनी का नाही वाजवली परत?"

हीच वेळ होती. त्याने तोंड उघडलं, शब्द ओठांवर आले, आणि तो म्हणाला, "बॅटरी नवी घाल. जुनी ऐन वेळी दगा देते."

६

सभागृहाला नवा रंग दिला होता, खुर्च्या बदलल्या होत्या. मिक्सर मात्र होता तिथेच होता, मागच्या भिंतीला चिकटून. इतका चिकटून, की बसणाऱ्याला टेबलाखालून वाकून जावं लागे, आणि बसल्यावर पाठ भिंतीला घासे. शर्टाला चुना लागायचा. मिक्सरवर बाबाच बसेल, असं चिंगीने परस्पर ठरवलं होतं. त्याला नाही म्हणता आलं नाही.

चार वाजता सुरू झालं. दीडशे माणसं असतील. वहिनी दुसऱ्या रांगेत, मांडीवर पर्स धरून. पहिलं गाणं जरा भेदरलेलं गेलं, दुसरं चांगलं रंगलं. मुली आता एकमेकींकडे बघून हसत होत्या. डबीकाकाची एक पाय हलवत राहायची खोड होती, तो पाय दुसऱ्या गाण्याच्या शेवटी पहिल्यांदा थांबला.

तिसरं गाणं. गाणारी मुलगी बाजूला झाली, चिंगी पुढे आली आणि तिने डबीवर पाय दिला.

आवाज आला. हॉलमधल्या माणसांनी एकदम पाठी ताठ केल्या, इतका चांगला आवाज आला. डबीकाकाने श्वास सोडला. दोन ओळी गेल्या, तिसरी गेली. मग त्याच्या लक्षात आलं की चिंगी ज्या ठिकाणी नेहमी घाई करते, तिथे तिने घाई केली नव्हती. चौथ्या ओळीत पाच सुरांची एक सुरावट आली. ती तिला त्याने कधी शिकवली नव्हती. पाचही सूर बरोबर पडले.

चिंगी त्याच्याकडे बघत होती. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, ते तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तिने भुवई उडवली. दिव्यांच्या झोतात त्याला दिसलं नसेल असं वाटून तिने उजवा हात तारांवरून काढून कानाशी नेला. येतोय का?

हात कानाशी होता आणि गिटार वाजत होती.

त्याने मिक्सरवरची तिच्या आवाजाची पट्टी खेचून खाली आणली. विचार करून नाही; गरम तव्याला लागलेला हात मागे येतो तशी. आवाज तुटला. उरले ड्रम आणि बेस. चिंगी अजून बघत होती. त्याने पट्टी पुन्हा वर सरकवली, पूर्ण वर. काही आलं नाही. खाली, वर. काही नाही. डबी मुकी झाली होती.

तेवीस वर्षं त्याने मनात हजार वेळा त्या जागी उभं राहून बघितलं होतं, आणि दर वेळी बरोबर वागला होता. आता तो खरोखर तिथे होता. त्याने दोन्ही हात डोक्यावर उचलले आणि जोरजोरात हलवले. नाही. नाही येत. थांब. समोरच्या रांगेतले दोघं वळून बघायला लागले, इतका तो हलत होता.

चिंगीची नजर त्याच्यावरून जरा वर गेली, त्याच्या डोक्याच्या मागे. तिथे तिला जे दिसलं, त्याने तिचा चेहरा निवळला. तिने मान डोलवली, हसली आणि डोळे मिटून वाजवायला लागली.

मागे वीतभर अंतरावर भिंत होती. तिचा गारवा शर्टातून पाठीला लागत होता. वळून बघायला दोन क्षण पुरले असते. त्याला ते धाडस झालं नाही. तो हात हलवत राहिला आणि त्याची लेक मान मागे टाकून, ओठ आवळून, गुडघ्यात वाकून वाजवत राहिली. मग पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

७

हॉल रिकामा झाला तेव्हा अजून ऊन होतं. वहिनी चिंगीला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवून निघून गेल्या. बाकीच्या मुली ड्रम बाहेर नेत होत्या. चिंगी स्टेजच्या पायरीवर बसली होती, हिरवी डबी मांडीवर घेऊन. रडत नव्हती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, रिकाम्या खुर्च्यांकडे पाठ करून.

"माझा आवाज येत होता?" तिने विचारलं.

"नाही."

एवढा एक शब्द बाहेर पडल्यावर पुढचं अडलं नाही. त्याने सगळं सांगितलं. पालथी घातलेली डबी, उलट्या वायरी, केबल तुटल्याची थाप, आणि अंगठा. दादाने कधी काही विचारलं नाही, हेही. ती बोटाने खालच्या पत्र्यावरचं अक्षर चाचपत होती.

"तू नाही नाही करत होतास, ते दिसलं मला," ती शेवटी म्हणाली. "पण मला वाटलं, तू लोकांना काहीतरी सांगतोयस. कारण तुझ्या मागे उभे होते त्यांनी अंगठा वर केला होता."

"माझ्या मागे भिंत होती, चिंगे."

"दिवे डोळ्यांवर होते, तोंड नाही दिसलं. हात दिसला. मला वाटलं, तुझाच कोणी माणूस असेल." तिने डबी मांडीवर उताणी केली. "त्यांना तर ऐकू येत होतं ना, की काहीच येत नाहीये? मग त्यांनी हो का म्हटलं, बाबा?"

तेवीस वर्षं ज्या प्रश्नाला तो घाबरत आला होता, तो हा होता, आणि विचारणारी ती होती. त्याच्याकडे उत्तर होतं. भीती वाटली म्हणून, एवढंच ते होतं. ते द्यायला त्याने तिच्याकडे बघितलं.

चिंगी त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून मागे, खुर्च्यांकडे बघत होती, आणि कोणाला तरी विचारल्यासारखी तिने भुवई उडवली.